दुसऱ्या पेटीतलं मीठ

सर,

शेवटच्या भेटीत तुम्ही मला विचारलंत, "आपला प्रवाह काय म्हणतो?" आणि मी म्हणाले, "वाहतोय." ते खोटं होतं. तो वाहत नाही हे मला तेव्हा नऊ दिवसांपासून माहीत होतं. त्याचा पुरावा माझ्या पिशवीत नाचणीच्या लाडवांच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेला होता. मी लाडू काढले, कागद काढला नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी तुमच्या घरून मीनावहिनींचा फोन आला, तुम्ही गेलात.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून संगणकापाशी, तिथून परत स्वयंपाकघरात. चहा टाकते आणि विसरते. काल दिनेश म्हणाला, बस की जरा, फरशी झिजेल. नवरा म्हणून त्याने बरंच सहन केलं आहे, पण कळव्याच्या दोन खोल्यांत माणूस फिरून फिरून किती फिरणार? संगणकावर एक फॉर्म अर्धवट भरून पडला आहे. त्यातली एक चौकट रिकामी आहे आणि ती भरता येत नाही म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही कोण होतात, कुठे शिकलात, कधी निवृत्त झालात, ते शोकसभेत तिघांनी वाचून दाखवलं. तिघांनीही आपला प्रवाह सांगितला. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, तीनशे मीटर खोल, मुंगीच्या चालीने उत्तरेकडे जाणारा एक अरुंद प्रवाह. सरांनी तो प्रवाहमापक न टाकता, पाण्याच्या नुसत्या तापमानावरून आणि खारेपणावरून शोधला, असं तिघेही म्हणाले. तिसऱ्याने तर तो तुमचा मानसपुत्रच करून टाकला. मग त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच, पण भीती जास्त. तिसरं वाक्य तोंडातून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नव्हता.

तुमच्या डोंबिवलीच्या घरातलं जेवणाचं टेबल आठवतं. माझं शिकणं ऑफिसात कमी आणि त्या टेबलावर जास्त झालं, दर रविवारी, वहिनींच्या उसळीच्या वासात. पहिल्याच रविवारी तुम्ही म्हणालात की प्रवाहाला हात न लावता त्याचा वेग काढायला शिकवतो. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग तुम्ही कागद ओढलात. पाणी किती गरम आणि किती खारट ते कळलं की ते किती जड ते कळतं. दोन ठिकाणचं पाणी कमी-जास्त जड असलं की आतल्या दाबाला उतार येतो. आणि पृथ्वी फिरते म्हणून पाणी त्या उतारावरून सरळ खाली येत नाही, डोंगराच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेसारखं उतार एका हाताला ठेवून आडवं निघतं. उतार मोजा, वेग मिळाला. एवढं सांगून तुम्ही गणिताचा कागद माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, यात कुठे चुकलंय ते शोध. कुठेच चुकलं नव्हतं. तुमची ती सवयच होती. बरोबर कागदसुद्धा "कुठे चुकलंय ते शोध" म्हणूनच द्यायचात, आणि मी खुळ्यासारखी दोन-दोन तास शोधत बसायचे.

त्याच टेबलावर आपलं भांडण सुरू झालं. हे गणित फक्त वरचं पाणी खालच्या पाण्याच्या मानाने किती चालतं एवढंच सांगतं. खालचं किती चालतं ते गणिताला माहीत नसतं. म्हणून एक खोली धरायची आणि म्हणायचं, इथे पाणी थांबलेलं आहे. तुम्ही हजार मीटर धरलीत. मी विचारलं, थांबलेलं आहे हे कशावरून? तुम्ही म्हणालात, "अगं सुनंदा, कुठेतरी पाय टेकवल्याशिवाय माणूस उडी कशी मारणार?" मी म्हणाले, पाय टेकवायला जमीन आहे का ते आधी बघायला नको का? वहिनींनी आतून विचारलं होतं, भांडताय की शिकवताय? मग वीस वर्षं आपण दोन्ही केलं.

आता कोणीतरी लगेच लिहील की सर, तुम्हीच माझी ती स्थिर पातळी होतात. शोकसभेत एकाने जवळजवळ म्हटलंच. तुम्ही असतात तर लाल पेन्सिलने खोडलं असतंत. तुम्ही कधीही स्थिर नव्हतात. टेबलाशी बसल्यावर तुमचा पाय सारखा हलायचा आणि त्याने माझी अक्षरं वाकडी यायची.

एक तत्त्व मात्र तुमचं पक्कं होतं. यंत्र खोटं बोलेल, पाणी खोटं बोलणार नाही. जहाजावरून दोरीने खाली सोडलेला सेन्सर सतत आकडे देतो, पण तो हळूहळू बिघडतो. म्हणून त्याच खोलीवरचं पाणी बाटलीत भरून आणायचं, त्याचा खारेपणा प्रयोगशाळेत मोजायचा आणि त्यावरून सेन्सरला ताळ्यावर आणायचं. बाटली भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. हे तुमच्या इतकं अंगात मुरलं होतं की घरी पाणी प्यायच्या आधी तुम्ही पेलासुद्धा तीनदा विसळायचात. वहिनी म्हणायच्या, महापालिकेचं पाणी आहे, त्याचा काही अभ्यास करायचा नाहीये.

मी मिठागरात राबणाऱ्या माणसाची मुलगी हे तुम्हाला पहिल्या वर्षी कळलं आणि तुम्हाला कोण आनंद झाला. हट्ट धरून आमच्या घरी आलात. आमचे दादा, माझे वडील, मोठ्या साहेबापुढे आधी बोलेनात. मग तुम्ही विचारलंत, पाणी मीठ धरायच्या बेताला आलं हे कसं ओळखता? दादांनी जिभेला बोट लावून दाखवलं. मग दोघे मागच्या बाजूला दोन तास बसून होतात. जाताना तुम्ही मला म्हणालात, तुझ्या घरात खारेपणा मोजायचं यंत्र आहे आणि तू माझ्याकडे काय शिकायला येतेस? दादा तुमची आठवण शेवटपर्यंत काढायचे. त्यांनी तुम्हाला सांगितलेलं एक वाक्य तुम्ही नंतर वर्गात सांगत असायचात. "पानी जातं साहेब, मीठ जात नाय." बाकी सगळं शास्त्र त्यावर उभं आहे, असं तुम्ही म्हणायचात. त्या वाक्याचा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला.

आपला प्रवाह ज्या सफरीत सापडला, तिच्या बाटल्यांच्या दोन पेट्या होत्या. जहाज किनाऱ्यापासून पश्चिमेला गेलं आणि ठरावीक अंतरावर थांबत पाणी घेत गेलं. आपण त्या थांब्यांना स्टेशन म्हणतो आणि डोंबिवलीत कोणाला हे सांगितलं की हमखास हसतात. बाविसाव्या स्टेशनापर्यंतच्या बाटल्या पहिल्या पेटीत, तेविसाव्यापासून पुढच्या दुसऱ्या पेटीत. पहिली पेटी मी परत आल्याच्या आठवड्यात मोजली. मग खारेपणाचं यंत्र बंद पडलं आणि त्याचा सुटा भाग यायला उन्हाळा उलटला. तेवढे महिने दुसरी पेटी मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिली. तुम्ही दोनदा विचारलंत, झाकणं घट्ट आहेत ना? मी दोन्ही वेळा हो म्हणाले. घट्टच होती. फक्त तेवढी घट्ट नव्हती.

पेटी उघडली तेव्हा काही बाटल्यांच्या गळ्याशी, झाकणाखाली, पांढरी भुकटी होती. मी ती पाहिली. सर, हे मला नीट सांगायचं आहे, कारण निष्काळजीपणा असता तर एका शब्दात सांगून मोकळी झाले असते. दुसऱ्या कुणाला ती भुकटी दिसली असती तर तो दचकला असता. पाणी उडून गेलं, आतलं उरलेलं जास्त खारट झालं, बाटली बाद, असं कुणाही नवख्याला सुचलं असतं. पण मी ज्या घरात वाढले तिथे दाराच्या कडीवर, दादांच्या चपलांवर, आईच्या पदरावर, भिंतीच्या पोपड्यांत सगळीकडे ते पांढरं असायचं. सकाळी उठायचं आणि पुसायचं. मी कागदाने बाटल्यांचे गळे पुसले आणि मोजायला बसले. मला ते दिसलं, पण खटकलं नाही. मिठागरवाल्याच्या पोरीनेच ही चूक करावी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सेन्सर एक सांगत होता, बाटल्या त्यापेक्षा किंचित जास्त सांगत होत्या. किलोभर पाण्यात चिमटीत धरता येणार नाही एवढं मीठ जास्त. तुम्ही तुमचं तत्त्व लावलंत, तेविसाव्यापासून पुढे सेन्सर बाटल्यांप्रमाणे वर ओढलात. खरं बोलणाऱ्याला खोटं ठरवून आपण त्याची साक्ष बदलली. त्यामुळे बावीस आणि तेवीस यांच्यामध्ये एक पायरी तयार झाली. पलीकडचं पाणी जड, अलीकडचं हलकं. गणिताला पायरी दिसली की ते बिचारं इमानाने वेग काढून देतं.

तो रविवार मी कसा विसरेन? तुम्ही शेवटचा आकडा लिहिलात आणि तुमचा पाय हलायचा थांबला. मग उठलात आणि टेबलाभोवती फिरायला लागलात, तीन फेऱ्या. वहिनींना बाहेर बोलावलंत, नकाशा पसरलात आणि लाल पेन्सिलने उत्तरेकडे एक बाण काढलात. वहिनींनी विचारलं, एवढासाच? तुम्ही म्हणालात, एवढासा आहे, पण आपला आहे. त्यांनी शिरा केला. मी त्या दिवशीसुद्धा भांडले. हजार मीटरवर पाणी थांबलेलं नसेल तर हा बाण लहान होईल, मोठा होईल, कदाचित उलटा होईल. तुम्ही म्हणालात, कर सिद्ध. मी वीस वर्षं तेच सिद्ध करायला बघत राहिले आणि चूक मागच्या खोलीतल्या पेटीत बसली होती. भांडले मी भरपूर, चुकीच्या जागी भांडले.

दर फोनवर तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा. आपला प्रवाह काय म्हणतो? जणू बाहेरगावी शिकायला ठेवलेला मुलगा. मीही ठरलेलं उत्तर द्यायचे, वाहतोय.

गेल्या महिन्यात मी जुनी दप्तरं पुढच्या लोकांच्या हवाली करायला घेतली, कारण आता माझीही निवृत्ती तोंडावर आली आहे. सहज म्हणून आपली स्टेशनं नव्या आकड्यांशी ताडून पाहिली. आता समुद्रात आपोआप बुडणारी आणि वर येणारी तरंगती यंत्रं आहेत. त्या भागातून गेल्या काही वर्षांत अशी कितीतरी गेली. खोलवरच्या पाण्याचा खारेपणा सहसा बदलत नाही. पहिली पेटी नव्या आकड्यांवर चपखल बसली. दुसरी बसेना. मग मी सेन्सरचे मूळ आकडे काढले, आपण दुरुस्त करण्याआधीचे. ते बसले. पायरी गेली. बावीस ते तेवीस रेघ सपाट. सगळं मिळून दोन तास लागले. मी खुर्चीत बसून राहिले आणि ती भुकटी मला समोर दिसली, बोटाला लागलेली.

छापून घेतला तो कागद आणि तुमच्याकडे यायचं ठरवलं. मग आठ दिवस आलेच नाही. लाडू करायला घेतले, म्हणजे यायला आणखी एक कारण होईल.

तुम्ही पलंगावर उशांना टेकून बसला होतात. आवाज बारीक झाला होता. मी पेल्यात पाणी ओतून दिलं, तर तुम्ही ते थोडंसं फिरवून तस्तात ओतलंत. परत मागितलंत, परत ओतलंत. तिसऱ्यांदा पेला पेलवेना, तेव्हा मी तुमचा हात धरून पेला फिरवला. मग तुम्ही प्यायलात आणि विचारलंत, आपला प्रवाह काय म्हणतो. मी खोटं बोलले. तुम्ही माझ्या पिशवीकडे बघितलंत. "आणखी काही आणलंयस का?" मी म्हणाले, "नाही सर, लाडूच."

तुम्हाला कळलं होतं का? मी ती नजर एवढ्या वेळा आठवून पाहिली आहे की आता त्या आठवणीवर विश्वास ठेवता येत नाही. पिशवी उघडी होती. कागदाचा कोपरा दिसत असेल. किंवा तुम्हाला फक्त आणखी एक लाडू हवा असेल.

दहाव्याला मी खडवलीला नदीच्या घाटावर आले होते. कावळा आला आणि लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं, तुमचं काही मागे राहिलं नाही म्हणाले. मला मात्र राग आला, सर. काहीच राहिलं नव्हतं? माझ्याकडून एक कागद यायचा राहिला होता, त्यासाठी निदान घटकाभर तरी अडून बसायचंत. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण रागावायला मानावंच लागतं असं कुठे आहे? मग अनिकेतने, तुमच्या मुलाने, नदीकडे बघत विचारलं, ताई, हे पाणी कुठे पोचतं? मी सांगायला लागले. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, उल्हास खाडीला, खाडीत भरती-ओहोटी पाणी पुढे-मागे करत राहते, आणि मग समुद्रात गेल्यावर... तिथे मी थांबले. तो म्हणाला, मग बाबांच्या प्रवाहात जाईल. मी होकाराची मान हलवली. ते आणखी एक खोटं.

परवा डोंबिवलीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. तो नकाशा अजून बैठकीत भिंतीवर आहे, चौकटीत, लाल बाणासकट. मी म्हणाले की चुकीची कबुली छापायला पाठवावी लागेल, आणि तिच्यावर सरांचंही नाव येईल. लोक बोलतील. मग मी जे कारण स्वतःला सांगत आले होते ते त्यांनाही सांगितलं. की सरांना शेवटी त्रास नको म्हणून बोलले नाही.

वहिनींनी विचारलं, "सांगितलं असतंस तर काय केलं असतं त्यांनी?"

मी म्हणाले, चिडले असते.

"मग?"

मग कागद मागितला असता, मी म्हणाले. पेन्सिल मागितली असती. कुठे चुकलंय ते पुन्हा पहिल्यापासून शोधलं असतं.

वहिनी नकाशाकडे बघत म्हणाल्या, "शेवटचे सहा दिवस ते नुसते छताकडे बघत होते गं. करायला काही नव्हतं त्यांना."

त्यांनी दोष दिला नाही. आवाजही चढवला नाही. मला चहा दिला, आणि मी तो प्यायले, आणि कळव्यापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. सर, मला वाटत होतं मी तुमचा प्रवाह वाचवला. मी तुमचं शेवटचं गणित तुमच्याकडून काढून घेतलं. तुमच्यासारख्या माणसाला चूक सापडण्याचं दुःख किती वेळ झालं असतं? चहा थंड होईपर्यंत. मग पाय हलायला लागला असता. हे मला माहीत होतं. वीस वर्षं समोर बसले होते मी. भीती तुमच्या दुःखाची नव्हतीच, माझ्या भुकटीची होती. "झाकणं घट्ट आहेत ना?" हा प्रश्न तुम्ही तिसऱ्यांदा विचारला असतात, आणि या वेळी मला हो म्हणता आलं नसतं.

आता फॉर्मबद्दल. ज्या नियतकालिकात आपण प्रवाह छापला, त्यांच्यासाठी दुरुस्तीची टीप लिहून झाली आहे. पेटी, पत्र्याची खोली, पुसलेले गळे, सगळं लिहिलं आहे. संपादकांना भुकटीचा एवढा तपशील नको असेल, पण मला हवा आहे. तुमचं तत्त्व चुकलं असं मी लिहिलेलं नाही. पाणी खोटं बोलत नाही हे खरंच आहे. आत काय घडलं ते ते पाणी गळ्याशी पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवत होतं. मी ते पुसलं.

आणि एक, जे कागदावर शेवटी आहे आणि ज्यावर तुम्ही नक्की उडी मारली असतीत. रेघ सपाट झाली म्हणजे पाणी थांबलं असं सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की तिथे तीनशे मीटरवरचं पाणी आणि हजार मीटरवरचं पाणी एकमेकांच्या बरोबर आहेत. दोन्ही थांबलेली असतील, किंवा दोन्ही एकमेकांना न सोडता कुठेतरी निघालेली असतील. तुम्ही म्हणाल थांबलेली. मी म्हणते निघालेली. आपलं भांडण जिथे होतं तिथेच आहे, फक्त आता ते मला एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं आणि तुमची बाजू मला तुमच्याइतकी नीट येत नाही.

रिकामी चौकट अशी आहे. सहलेखकाची या दुरुस्तीला संमती आहे का? मी आधी लिहिलं, सहलेखक हयात नाहीत. ते खरं आहे आणि तेवढ्याने काम भागतंही. तरी ते वाक्य माझ्याने ठेववलं नाही, खोडलं. आत्ता तिथे लिहिलं आहे: विचारलं नाही. सांगायला माझ्याकडे पंधरा दिवस होते, मी सांगितलं नाही.

पाठवलं, सर. आत्ताच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही वाहत. आणि हो, आणखी एक आणलं होतं. हा घ्या कागद.